घरच्या आर्केड कॅबिनेटच्या कडा फुगल्यात: टी-मोल्डिंग, लिपिंग की ॲल्युमिनियम?

खाडीकाठ | २३ जून २०२४

मंडळी, मदत हवी आहे. थोडी घाईसुद्धा आहे.

मागच्या वर्षी एप्रिल-मे महिन्यात मी घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे पार्लरमध्ये असायची तशी व्हिडिओ गेमची पेटी, बांधलं. उभं, साडेपाच फुटी. बाजूच्या फळ्या १८ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), आत जुना एकवीस इंची मॉनिटर आणि रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर. जॉयस्टिक आणि बटणं मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणली. हा सगळा खटाटोप 'मुस्तफा'साठी. कॅपकॉमचा १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. आमच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्याला खऱ्या नावानं ओळखणारा एकही मुलगा नव्हता. भाऊ आणि मी एका रुपयात दोघं खेळायचो, अर्धा वेळ तो, अर्धा वेळ मी. तो आता गल्फमध्ये असतो. गणपतीला मुलांना घेऊन येणार आहे आणि तेव्हा ही पेटी त्याला दाखवायची आहे.

आता अडचण. कडांवर मी सरळ काळा ऑइल पेंट मारला होता. बाजूच्या सपाट भागावरचा रंग अजून आरशासारखा आहे, पण कडा एका पावसाळ्यातच खडबडीत झाल्या. खाली तर कड फुगून रंगाला तडे गेलेत. नखानं खरवडलं की ओल्या बिस्किटासारखा भुगा निघतो. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये टी-मोल्डिंग नावाची प्लास्टिकची पट्टी बसवतात. तीच बसवावी का? की सागाची लिपिंग, म्हणजे कडेला चिकटवायची लाकडी पट्टी? की ॲल्युमिनियमची पट्टी? मुक्काम रत्नागिरी, घर खाडीपासून जवळ, हेही लक्षात घ्या.

रंधा | २३ जून २०२४

पट्टी कुठली ते नंतर बघू. आधी मोजमापं द्या. व्हर्नियर असेल तर तीन ठिकाणी जाडी मोजा: वरची कड, कंट्रोल पॅनलजवळची कड आणि जमिनीलगतची कड. आणि फुगवटा जमिनीपासून किती उंचीपर्यंत आहे तेही पाहा. पेटी नुसती जमिनीवर टेकलेली आहे की खाली काही लावलंय?

खाडीकाठ | २४ जून २०२४

मोजलं. वर १८.१ मिमी, पॅनलजवळ १८.४. जमिनीलगत पुढच्या डाव्या कोपऱ्यात २२ मिमी भरली. फुगवटा सुमारे चार इंच वर चढलाय, त्याच्या वर काही नाही.

खाली काहीच लावलेलं नाही. फळीची कड थेट लादीवर. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं की तळाच्या त्या कडेला मी रंगही लावला नव्हता. पेटी उभी करून रंगवली, खालची बाजू दिसतच नव्हती. आई रोज सकाळी लादी पुसते, ओल्या फडक्यानं.

रंधा | २४ जून २०२४

म्हणजे रोग तिथे आहे. हवेतल्या दमटपणानं वरची कड अर्धा मिमीसुद्धा फुगलेली नाही. तुमचा एमडीएफ खालून पाणी प्यायलाय, रोज थोडं थोडं.

एमडीएफची दोन्ही तोंडं दाबाखाली घट्ट बसलेली असतात, मधला गाभा त्यामानानं सैल. कापली की हा गाभा उघडा पडतो, आणि टीपकागदानं शाई ओढावी तसा तो पाणी ओढतो. एकदा फुगला की वाळल्यावर परत बसत नाही, कारण आतले तंतू एकमेकांपासून सुटलेले असतात. तो भाग घासून सपाट कराल, रंगवाल, पण स्क्रू धरण्याची ताकद गेली ती गेलीच.

मी कुडाळला फर्निचरचं काम करतो. गिऱ्हाईक स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या घेऊन येतं तेव्हा मी आधी खालची कड बघतो. दहातल्या नऊ वेळा तिथे ना सीलर असतो ना रंग.

तुमच्यासाठी माझा सल्ला: खालचे पाच इंच सरळ कापून टाका. चार इंच फुगलंय, एक इंच वर चांगल्या भागातून काप घ्या. त्या जागी मरीन प्लायचं (पाणी सोसणाऱ्या प्लायवुडचं) जोतं करा, आयएस ७१० हा मानकाचा छाप बघून घ्या. नुसत्या आयएस ३०३ वर जाऊ नका, त्यात एमआर (नुसती ओल सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन प्रकार येतात आणि दुकानदार एमआर हातात ठेवतो. जोतं बाहेरच्या फळीपेक्षा दोन इंच आत घ्या, म्हणजे पायही लागणार नाही आणि फडकंही. त्याखाली प्लास्टिकचे बुश किंवा स्क्रूनं वरखाली होणारे लेव्हलर. लादी आणि लाकूड यांच्यात बोटभर हवा खेळली पाहिजे.

हे झाल्याशिवाय पट्टीचा विषय काढू नका.

नाशिकची_गौरी | २५ जून २०२४

रंधादादांना पूर्ण अनुमोदन. पट्टीबद्दल मी सांगते, आमचं मॉड्युलर फर्निचरचं वर्कशॉप आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून पीव्हीसी एज बँडचं आधी. तो ०.८ आणि २ मिमी जाडीत मिळतो, १८ मिमीच्या फळीला २२ मिमी रुंदीचा घ्यायचा आणि दोन्हीकडचं जास्तीचं छाटायचं. मशीनवर गरम गोंदानं लागला तर सुंदर बसतो. पण साधं मशीन सरळ कडाच घेतं. आर्केडची बाजू म्हणजे मॉनिटरपाशी आत, पॅनलपाशी बाहेर, असं सापासारखं वळण. ते हातानं करावं लागेल: दोन्हीकडे रबर-बेस ॲडहेसिव्ह लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं, वळणावर हॉट एअर गननं पट्टी मऊ करायची. जमतं, पण आत वळणाऱ्या कोपऱ्यात पट्टी कायम सरळ व्हायला बघते. वर्षभरानं तिथूनच सुटते. मी स्वतः एका रिसेप्शन टेबलाला असं केलं होतं आणि दोनदा जाऊन चिकटवून आले. आर्केडला लावू नका.

सागाची लिपिंग प्लायला छान, सरळ कडेला त्याहून छान. तुमच्या वळणांना पातळ पट्ट्या वाकवून थरावर थर चिकटवावे लागतील. हौस असेल तर करा, गणपतीपर्यंत होणार नाही.

टी-मोल्डिंगला आमच्याकडे टी-प्रोफाइल म्हणतात. ऑफिसच्या आणि शाळेच्या टेबलांना हेच असतं, गोल कोपऱ्याचं काळं प्लास्टिक आठवा. गोंद लागत नाही, फळीच्या कडेत कापलेल्या खोबणीत पट्टीच्या मागची जीभ अडकते. धक्का लागला तर प्लास्टिक मार खातं, फळी वाचते. खराब झालं तर उपटून नवीन ठोकता येतं. तुमच्या कामाला तेच योग्य.

ओहायोकर | २५ जून २०२४

या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी इथे अमेरिकेत जुनी कॅबिनेटं दुरुस्त करतो, तळघरात तीन आहेत. १९७१चं कॉम्प्युटर स्पेस हे पहिलं व्यावसायिक आर्केड व्हिडिओ गेम मशीन फायबरग्लासच्या खोक्यात होतं, त्याला कडेची चिंताच नव्हती. पुढे लाकडी पेट्या आल्या. ऐंशीच्या दशकातल्या माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक पेट्यांना कडेनं टी-मोल्डिंगच होतं. ट्रकमधून चढवताना-उतरवताना, दारातून नेताना कोपरेच आपटतात. आज चाळीस वर्षांनी या पेट्या माझ्याकडे येतात तेव्हा वरचं मोल्डिंग शाबूत असतं आणि खालचे कोपरे तळघरातल्या पाण्यानं विरलेले असतात. खाडीकाठ, तुमचं वर्णन वाचून मला इथलंच काहीतरी वाटलं.

आता पद्धत. खोबण कापायला राउटर (लाकूड कोरायचं हातात धरायचं मशीन) आणि त्याला लावायचा स्लॉट कटर (खोबणीचं पातं) लागतो, बेअरिंगवाला. कटरचं पातं बहुतेक मोल्डिंगला १.६ मिमी लागतं, पण आधी मोल्डिंग हातात घ्या, जीभ मोजा, मगच कटर घ्या. खोली जिभेपेक्षा दोन मिमी जास्त. कटरचा व्यास मोठा असतो, म्हणून वेग कमी करता येणारं मशीन घ्या. बाहेरच्या कडेनं जाताना मशीन घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा, नाहीतर ते हातातून पळतं. एमडीएफची धूळ पिठाहून बारीक असते, मास्क लावल्याशिवाय सुरू करू नका.

खोबण बरोबर मध्यावर हवी, आणि इथेच बरेच जण चुकतात. तुम्ही फक्त बाहेरून १ मिमी सनमायका लावला तर फळी १९ मिमी होते आणि मध्य अर्धा मिमी बाहेर सरकतो. खोबण नेहमी सनमायका किंवा रंग झाल्यानंतरच्या जाडीवर मोजा. दोन्हीकडून १ मिमी लावलात तर २० मिमी भरेल आणि पाऊण इंची, म्हणजे १९ मिमीचं मोल्डिंग दोन्ही कडांना अर्धा अर्धा मिमी उघडं सोडेल. सनमायकाची ती उघडी कड सुरीसारखी असते. तुमचा नुसता रंग आहे, १८.४ भरतंय, तर १९ मिमी मोल्डिंग घ्या. दोन्हीकडे केसभर बाहेर राहील, ते छाटू नका. छाटायला गेलात की कटर रंगावर ओरखडा पाडणारच.

कापण्याआधी तपासा: कडेपासून वीस मिमीच्या आत कुठे स्क्रू आहे का? स्क्रूवर कटर गेला तर दात उडतो.

कोपरे टोकदार ठेवू नका. कमीत कमी दहा रुपयाच्या नाण्याइतकी गोलाई द्या, नाणं ठेवून पेन्सिलीनं आखा. बाहेरच्या वळणावर जीभ आत चेपली जाते, म्हणून तिला इंग्रजी व्हीसारखे काप घ्या, एक सेंटीमीटरला एक. आतल्या वळणावर जीभ ताणली जाते, तिथे नुसती चीर पुरते. चीर मारताना पट्टीच्या तोंडाला पोहोचू नका.

बसवण्याआधी मोल्डिंग तासभर उन्हात सुटं सोडा, किंवा हेअर ड्रायर. गुंडाळीचा पीळ जातो. मागच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि रबरी हातोडीनं वीतवीतभर पुढे जा. ओढू नका. ताणून बसवलेलं पीव्हीसी पुढच्या थंडीत आखडतं आणि टोकाशी बोटभर फट दिसते. लांबी सुतळी फिरवून मोजा, वर हातभर जास्त मागवा.

गोंद नको. खोबण सैल झालीच तर जिभेला मास्किंग टेपची घडी लावा.

पेठकर | २६ जून २०२४

ओहायोकर, वाचनखूण साठवली! एक शंका: खोबण कापल्यावर गाभा पुन्हा उघडा पडतो ना? मी पुण्यात माझ्या बारटॉपच्या (टेबलावर ठेवायच्या छोट्या आर्केड पेटीच्या) कडांना फेविकॉल आणि पाणी अर्धं-अर्धं करून दोन हात मारले होते, वर रंग. अडीच वर्षं झाली, काही झालं नाही. स्वस्त आणि सोपं. खाडीकाठनी तेच करावं.

रंधा | २६ जून २०२४

पेठकर, शंका अगदी बरोबर आहे, पण उपाय पुण्याचा आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात त्याच्या जेमतेम पाव. साधा पांढरा फेविकॉल पाण्यात मिसळूनच बनलेला. वाळला तरी सतत ओल मिळाली की तो मऊ पडतो, वाळलेला थेंब रात्रभर पाण्यात टाकून बघा, सकाळी पांढरा आणि लिबलिबीत झालेला दिसेल. कडेचे तंतू बसवायला आणि रंग कमी प्यायला तो चांगला, ओल अडवायला नाही. शिवाय त्यातल्या पाण्यानं एमडीएफचे केस उभे राहतात.

कोकणात दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) सीलर. पहिला हात थिनर घालून पातळ, तो आत मुरू द्यायचा. वाळला की २२० नंबरचा पॉलिश पेपर. दुसरा हात जाड, मग ३२०. खोबणीच्या आत बारक्या ब्रशनं एकच पातळ हात, आणि ओला असतानाच हॅक्सॉचं जुनं पातं त्यातून फिरवायचं, म्हणजे खोबण बुजत नाही. खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब करा.

पार्लरवाल्याचा_मुलगा | २८ जून २०२४

सांगलीत आमच्या बाबांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं, १९९४ ते २००३. सात पेट्या. सगळ्या गावातल्याच मिस्त्रीनं बनवलेल्या, प्लाय आणि लाल सनमायका. टी-मोल्डिंग आम्ही कधी पाहिलं नाही. सगळ्या कडांना ॲल्युमिनियमचा अँगल, पाऊण इंची, दर सहा इंचाला स्क्रू.

ॲल्युमिनियमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मजबुतीला तोड नाही. मुलं पेटीवर दप्तर आपटायची, पायऱ्यांसारखी चढायची, अँगल वाकला नाही. पण कंट्रोल पॅनलच्या पुढच्या कडेला त्याचा त्रास. तिथे मनगट टेकतं. घामानं ॲल्युमिनियम काळं पडायचं आणि मुलांच्या मनगटावर राखाडी पट्टा उमटायचा. शाळा बुडवून आलेला मुलगा घरी त्या पट्ट्यावरून पकडला जायचा, आणि मग त्याची आई आमच्या दारात. एकदा एका स्क्रूचं डोकं वर आलं होतं, एका मुलाच्या गणवेशाची बाही टरकन फाटली. त्या रात्री बाबांनी सातही पेट्यांचे सगळे स्क्रू काढले, भोकं खोलगट केली आणि चपट्या डोक्याचे बसवले. मी बॅटरी धरून बसलो होतो.

नंतर बाबांनी पॅनलच्या पुढच्या कडेचा अँगल काढून तिथे अर्धगोल सागाची पट्टी लावली. हातानं घासून, मेण चोळून. दोन-तीन वर्षांत ती मधाच्या रंगाची झाली, बरोबर मधे दोन खळगे, डावं मनगट आणि उजवं मनगट. ती पट्टी माझ्याकडे आहे अजून.

खाडीकाठदादा, तुमच्या पॅनलला प्लास्टिक नको, लाकूड लावा. बाकी सगळीकडे टी-प्रोफाइल. आणि मागच्या दाराला अँगल लावलात तर त्याला अर्थिंग द्या. आत पॉवर सप्लाय आहे, वायर घासून धातूला लागली तर हात लावणारं पोरच असणार.

नाशिकची_गौरी | २८ जून २०२४

पट्टीचा फोटो टाका ना दादा, जमलं तर.

खाडीकाठ | १८ ऑगस्ट २०२४

उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

खालचे पाच इंच कापले. काप घेतल्यावर तुकडा हातात घेतला तर एका बाजूनं पानं सुटलेल्या वहीसारखा उलगडला. रंधादादा, तुम्ही ते लिहिलं नसतं तर मी त्या भुश्श्यावर मोल्डिंग ठोकलं असतं.

मरीन प्लायचं जोतं, चार लेव्हलर, लादीपासून अठरा मिमी वर. त्या फटीत फडकं जातं, पाणी राहत नाही. आईनं स्वतः पुसून बघितलं आणि "आता ठीक" म्हणाली.

टी-प्रोफाइल मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर पाऊण इंचात मिळालं, काळं. कटर आधी वाया गेलेल्या त्या खालच्याच तुकड्याच्या चांगल्या भागावर चालवून बघितला. पहिली खोबण मध्यापासून जवळजवळ एक मिमी खाली गेली. पट्टी बसली, पण एका बाजूला बोट अडकत होतं. कटरची उंची बदलत बदलत चौथ्या खेपेला बरोबर आली, मगच मशीन पेटीला लावलं. पॅनलखालच्या आतल्या वळणावर चिरा मारूनही पट्टी उभी राहत होती. तिथे ड्रायर दोन मिनिटं धरला, ठोकली आणि थंड होईपर्यंत हातानं दाबून धरली. बसली.

पीयूचे दोन हात, खोबणीत एक. मागचं दार कडेच्या रेषेतच बसतं, मोल्डिंगला जागाच नव्हती, म्हणून तिथे ॲल्युमिनियम अँगल, चपटे स्क्रू, अर्थिंगसह.

पॅनलच्या कडेला सागाची अर्धगोल पट्टी. आमच्या जुन्या घराच्या खिडकीचं दार अडगळीत पडलं होतं, त्यातली. मेण चोळलंय.

पार्लरवाल्याचा_मुलगा | १८ ऑगस्ट २०२४

बाबांना वाचून दाखवलं. विचारत होते, पट्टीच्या लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेनं ठेवल्या? आडव्या ठेवल्या असतील तर बरोबर, म्हणाले. मनगट रेषेवरून सरकतं, कुसळ टोचत नाही.

खाडीकाठ | १९ ऑगस्ट २०२४

आडव्याच आहेत. बाबांना नमस्कार सांगा.

खाडीकाठ | २० जुलै २०२५

धागा वर काढतो, कारण यंदा पाऊस मे संपायच्या आधीच कोकणात उतरला आणि खरी परीक्षा झाली.

काल पुन्हा व्हर्नियर घेऊन बसलो. वर १८.२, पॅनलजवळ १८.४. जोत्याच्या प्लायची जाडी मागच्या ऑगस्टला मोजली होती तेवढीच. पुढच्या उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात मोल्डिंग आखडून साधारण दोन मिमीची फट पडलीय. तिथे मी ओढलं होतं, आठवतंय, पट्टी थोडी कमी पडत होती. ओहायोकर, तेवढाच तुकडा बदलू की पूर्ण बाजू?

भाऊ गणपतीत आला होता तेव्हा मुलांनी सहा दिवस पेटी सोडली नाही. यंदा ऑगस्टमध्ये परत येतोय. सागाच्या पट्टीवर डावीकडे एक चकचकीत डाग पडायला लागलाय.

ओहायोकर | २० जुलै २०२५

पूर्ण बाजू. जोड दिला तर तो डोळ्याला कायम टोचेल. या खेपेला हातभर जास्तीचं घ्या आणि शेवटचं टोक खाली, जोत्याच्या मागे आणा.